हरवलेले स्टार्ट बटन

२०१२ सालच्या मार्च महिन्यात एक छोटी चित्रफीत जगभर पाहिली गेली. तिच्यात एक वयस्कर गृहस्थ संगणकापुढे बसले आहेत. विंडोज ८ ही नवी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, तेव्हा विक्रीला आलेली नव्हती. तिची चाचणीसाठी दिलेली आवृत्ती त्या संगणकावर आहे. मुलगा चित्रण करतो आहे आणि मुद्दामच काही सांगत नाही. सुरुवातीला पडद्यावर रंगीत चौकोन आहेत. फिरता फिरता गृहस्थ ओळखीच्या डेस्कटॉपवर येऊन पोहोचतात. आता त्यांना पुन्हा सुरुवातीच्या पडद्यावर जायचे आहे. ते वर बघतात, खाली बघतात, इकडेतिकडे क्लिक करतात, पण परत नेणारे काहीच सापडत नाही.

वाट होती. पडद्याच्या डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात कर्सर नेला असता, तर तेथे एक छोटे चित्र उमटले असते आणि त्यावर क्लिक करून परत जाता आले असते. पण कर्सर तेथे जाईपर्यंत त्या कोपऱ्यात काहीही दिसत नव्हते. सतरा वर्षे त्याच कोपऱ्यात ‘स्टार्ट’ असे लिहिलेले किंवा खूण असलेले बटन होते. या आवृत्तीत ते काढून टाकले होते.

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी विंडोज ८ विक्रीला आली आणि हाच अनुभव असंख्य लोकांनी घेतला. ‘संगणक बंद कसा करायचा?’ हा प्रश्न वर्षानुवर्षे संगणक वापरणारेही विचारू लागले. काहींनी याला ‘नव्याला विरोध करण्याची लोकांची जुनी खोड’ म्हटले, तर काहींनी आरेखनच चुकले असे म्हटले. यातले खरे कोणते? हा प्रश्न केवळ संगणकापुरता नाही. शिकणारा अडला की दोष कोणाचा, शिकणाऱ्याचा की त्याच्या हाती दिलेल्या वस्तूचा, हा प्रश्न शिक्षकांपुढे रोजच असतो. म्हणून आपण या प्रकरणाकडे जरा बारकाईने पाहू या.

बटन आले कोठून?

स्टार्ट बटन २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बरोबर आले. त्याचा जन्म कसा झाला ते मोठे उद्बोधक आहे. विंडोज ३.१ मध्ये एखादा प्रोग्राम सुरू कसा करायचा, हेच नवख्या माणसाला उमगत नसे. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी सामान्य माणसांना प्रयोगशाळेत बोलावले, त्यांना छोटी छोटी कामे दिली आणि ती कोठे अडखळतात ते पाहिले. विंडोज ९५ तयार होईपर्यंत अशा चाचण्यांच्या ६४ फेऱ्या झाल्या आणि त्यांत ५६० माणसे सहभागी झाली.

आधीच्या एका आराखड्यात पडद्याच्या तळाशी तीन बटने होती: एक ‘सिस्टिम’, दुसरे ‘शोध’ आणि तिसरे ‘मदत’. ‘सिस्टिम’ या शब्दावर क्लिक करावे असे कोणाच्या मनातही येईना. मग तिन्ही बटने एकत्र करून त्यांचे एकच बटन झाले आणि त्यावर ‘स्टार्ट’ असे लिहिले गेले. एवढ्यावरही न थांबता, संगणक सुरू झाल्यावर त्या बटनाकडे बाण दाखवणारी ‘येथून सुरुवात करा’ अशा अर्थाची पट्टी टास्कबारवरून सरकत येई. थोडक्यात, हे बटन कोणा कलावंताला सुचले म्हणून आले नव्हते. लोक कोठे अडतात ते बघून ते त्या जागी बसवले होते.

मग ते काढले का?

३ एप्रिल २०१० रोजी ॲपल कंपनीचा आयपॅड विक्रीला आला. कळफलक नाही, माऊस नाही, नुसता काचेचा पडदा आणि त्यावर फिरणारे बोट. लोकांनी तो उचलून धरला. घरोघरच्या संगणकांवर ज्यांची कार्यप्रणाली चालत होती त्या मायक्रोसॉफ्टला धोका स्पष्ट दिसू लागला. संगणकाची जागा टॅब्लेटने घेतली तर काय?

त्यावर ॲपलने आणि मायक्रोसॉफ्टने वेगवेगळी उत्तरे काढली. ॲपलने टॅब्लेटसाठी एक आणि संगणकासाठी दुसरी, अशा दोन कार्यप्रणाली वेगळ्या ठेवल्या. मायक्रोसॉफ्टने ठरवले की एकच कार्यप्रणाली दोन्हीकडे चालेल. स्टीव्हन सिनॉफ्स्की यांच्या नेतृत्वाखाली विंडोज ८ तयार झाली. तिच्यात स्टार्ट मेनूच्या जागी पूर्ण पडदाभर पसरलेली रंगीत फरश्यांची मांडणी आली. प्रत्येक फरशी बोटाने दाबता येईल एवढी मोठी होती. काही फरश्यांवर आलेली पत्रे, हवामान अशी ताजी माहिती आपोआप बदलत राही. जुना डेस्कटॉप होताच, पण तोही या पडद्यावरची एक फरशी होऊन बसला.

हा विचार एकट्या मायक्रोसॉफ्टचा नव्हता. २०११ मध्ये लिनक्सच्या जगातही उबुंटूचे ‘युनिटी’ आणि ‘ग्नोम ३’ हे नवे अवतार आले. त्यांनीही मोठी चित्रे आणि कमी मेनू अशी मांडणी केली आणि त्यांच्यावरही जुन्या वापरकर्त्यांनी अशीच टीका केली. त्या काळात ‘एकच रूप सगळ्या पडद्यांना चालेल’ ही कल्पना हवेतच होती म्हणा ना!

बोट आणि माऊस: एक प्रयोग

ही कल्पना कोठे अडते ते समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करू या. विद्यार्थ्यांनाही तो सहज करता येईल.

कोऱ्या कागदावर १ सेंटिमीटर रुंदीच्या दोन उभ्या पट्ट्या आखा. त्यांच्या मध्यांतले अंतर २० सेंटिमीटर ठेवा. आता पेन्सिलीचे टोक एकदा डाव्या पट्टीत, एकदा उजव्या पट्टीत असे शक्य तितक्या वेगाने टेकवा. मात्र टोक पट्टीबाहेर पडता कामा नये. असे २० ठोके द्यायला किती वेळ लागतो तो घड्याळावर मोजा. दुसऱ्या कागदावर अंतर तेवढेच, पण पट्ट्या ४ सेंटिमीटर रुंद ठेवा. तिसऱ्या कागदावर अंतर १० सेंटिमीटर आणि पट्ट्यांची रुंदी २ सेंटिमीटर.

पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये धातूच्या पट्ट्या वापरून असाच प्रयोग केला आणि एक सुबक नियम मांडला. अंतराची दुप्पट करा, तिला पट्टीच्या रुंदीने भागा आणि आलेली संख्या २ चा कितवा घात आहे ते काढा. हे झाले कामाच्या ‘अवघडपणाचे’ माप. हाताला लागणारा वेळ या मापाबरोबर सरळ रेषेत वाढतो. आपल्या पहिल्या कागदासाठी ४० भागिले १ म्हणजे ४०, आणि ४० हा २ चा सुमारे ५.३ वा घात. दुसऱ्या कागदासाठी ४० भागिले ४ म्हणजे १०, त्याचे माप सुमारे ३.३. तिसऱ्या कागदासाठी २० भागिले २, म्हणजे पुन्हा १० आणि पुन्हा ३.३. म्हणून पहिल्या कागदाला सर्वांत जास्त वेळ लागेल आणि दुसऱ्या-तिसऱ्या कागदांचे वेळ एकमेकांच्या जवळपास येतील. करून पाहा.

आता चौथी पायरी. पहिल्याच कागदावर प्रत्येक पट्टीच्या बाहेरच्या कडेला चिकटून एकेक जाड पुस्तक उभे ठेवा आणि पुन्हा २० ठोके द्या. आता हात आवरावा लागत नाही. पेन्सिल वेगाने आली तरी पुस्तकाला अडून पट्टीतच थांबते. पट्टी १ सेंटिमीटरचीच आहे, पण हाताच्या दृष्टीने ती खूप रुंद झाली.

संगणकाच्या पडद्याची कड म्हणजे हेच पुस्तक. माऊस कितीही जोरात ढकलला तरी कर्सर कडेपाशी अडतो. कोपऱ्यात तर तो दोन्ही बाजूंनी अडतो. म्हणून कोपरे ही माऊससाठी पडद्यावरची सर्वांत सोपी जागा आहे. विंडोज ८ च्या अभियंत्यांना हे ठाऊक होते. त्यांनी महत्त्वाच्या आज्ञा कोपऱ्यांना बांधल्या त्या यामुळेच. त्यांचे गणित चुकले नव्हते. पण त्या नियमात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: पट्टी कागदावर दिसते आहे! फिट्सचा नियम हात किती वेळात पोहोचेल ते सांगतो. कोठे पोहोचायचे आहे हे माणसाला कळले की नाही, ते तो सांगत नाही.

शिवाय एका टेबलावर दोन पडदे जोडलेले असतील तर त्यांच्यामधल्या कडेला पुस्तक नसते. कर्सर सरळ पलीकडच्या पडद्यावर निघून जातो. दुसऱ्या संगणकाचा पडदा छोट्या चौकटीत उघडून काम करणाऱ्यांचीही अशीच पंचाईत झाली, कारण त्या चौकटीचे कोपरे कर्सरला अडवत नाहीत.

आता बोटाकडे वळू. बोटाचे टोक सुमारे एक सेंटिमीटर रुंद असते आणि ते ज्यावर टेकते तेच झाकून टाकते. माऊसच्या कर्सरचे टोक सुईसारखे असते, त्यामुळे काही मिलिमीटर उंचीच्या ओळीही त्याला पुरतात. बोटासाठी फरश्या मोठ्या कराव्या लागल्या, आणि तेवढ्याच जागेत पूर्वीपेक्षा कमी गोष्टी मावू लागल्या. टॅब्लेटवर ते योग्यच होते. टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर मात्र माणसाला हाताशी माऊस असूनही लांबलचक आडव्या फरश्यांमधून सरकत जावे लागले.

बसण्याची पद्धतही वेगळी. टॅब्लेट दोन्ही हातांत धरला की दोन्ही अंगठे आपोआप त्याच्या कडांवर येतात. विंडोज ८ मध्ये उजव्या कडेवरून बोट आत सरकवले की पाच आज्ञांची ‘चार्म्स’ नावाची पट्टी येई. टॅब्लेट धरणाऱ्याला हे किती सोयीचे! टेबलापाशी बसणाऱ्याचे अंगठे मात्र कळफलकावर असतात आणि पडदा हातभर दूर, उभा. उभ्या पडद्यावर सतत हात उचलून काम केले की खांदा भरून येतो. याला संगणकाच्या जगात ‘गोरिलाचा हात’ असे गमतीदार नाव आहे. स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना इंग्लंडमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्येच मांडली होती आणि १९८३ मध्ये एचपी कंपनीने तसा पडदा असलेला टेबलावरचा संगणक विकलाही होता. तरी माऊसच टिकला, याचे एक कारण हा खांदा. फळ्यावर सलग तासभर लिहिणाऱ्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.

विळी आणि सुरी दोन्ही कापतात. पण विळीवर भाजी पात्याकडे न्यावी लागते आणि सुरीत पाते भाजीकडे. एकीची बैठक दुसरीला चालत नाही. बोट आणि माऊस यांचे नाते काहीसे असेच आहे.

दिसणे आणि आठवणे

दुसरा मुद्दा स्मृतीचा. ‘महाराष्ट्राच्या पहिल्या मुख्यमंत्र्यांचे नाव सांगा’ आणि ‘पुढील चार नावांतून पहिले मुख्यमंत्री ओळखा’ या दोन प्रश्नांतला फरक प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. आठवून सांगण्यापेक्षा बघून ओळखणे नेहमीच सोपे. पडद्यावरची बटने आणि मेनू याच तत्त्वावर उभे आहेत. आज्ञा पाठ करायच्या नाहीत. समोर मांडलेल्या आज्ञांतून हवी ती ओळखायची.

विंडोज ८ ने नेमकी ही सोय काही ठिकाणी काढून घेतली. संगणक बंद करायचा तर कर्सर उजव्या कोपऱ्यात न्यायचा, उमटलेल्या पट्टीवर कडेकडेने उतरायचे, ‘सेटिंग्ज’वर क्लिक करायचे, मग ‘पॉवर’ आणि मग ‘शट डाउन’. पायऱ्या फार नाहीत, पण पहिली पायरीच अदृश्य आहे. ती ठाऊक असेल तरच पुढच्या पायऱ्या दिसतात. ‘बंद करणे’ हे ‘सेटिंग्ज’मध्ये असेल, हेही पुन्हा आठवावेच लागते.

दिसत होते त्यातही एक अडचण होती. पूर्वी बटनाला कडा आणि सावली असे; ते दाबता येईल हे नुसते पाहून कळे. नव्या मांडणीत सारे सपाट झाले. याकोब नील्सन या नामवंत अभ्यासकांनी २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये १२ अनुभवी संगणक वापरणाऱ्यांना विंडोज ८ वर कामे देऊन पाहिली. सेटिंग्जच्या पट्टीत तळाशी ‘संगणकाच्या सेटिंग्ज बदला’ अशा अर्थाचे शब्द होते. ते दाबायचे असतात हे अनेकांना कळलेच नाही. ते त्यांना वरच्या चित्रांचे शीर्षक वाटले.

बारा ही संख्या लहान आहे, असे विज्ञानाचा विद्यार्थी लगेच म्हणेल. टक्केवारी काढायची असेल तर ती खरोखरच अपुरी आहे. पण जिन्याची एक पायरी तुटकी आहे का ते पाहायला हजार माणसे चढवावी लागत नाहीत. पाच-सात जण त्याच पायरीवर अडखळले की पायरी तपासावी, एवढे कळायला बारा माणसे पुरतात.

शिवाय विंडोज ८ मध्ये एकाऐवजी दोन जगे शेजारी शेजारी नांदत होती: एक फरश्यांचे, एक डेस्कटॉपचे. दोन्हींत इंटरनेट पाहण्याचा प्रोग्राम वेगळा, सेटिंग्ज वेगळ्या. मायक्रोसॉफ्टचे एक संस्थापक पॉल ॲलन यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये या प्रणालीचे कौतुकच केले होते. पण एकच प्रोग्राम दोन रूपांत एकाच वेळी उघडता येतो आणि त्याने गोंधळ उडतो, हे त्यांनीही नोंदवले होते.

मोजणी काय सांगते?

येथे एक रास्त शंका येईल. एवढ्या मोठ्या कंपनीने वापरणाऱ्यांचा विचार केलाच नाही का? केला होता, आणि आकडे घेऊन केला होता. ज्या वापरकर्त्यांनी परवानगी दिली होती त्यांच्या संगणकांवरून कोणत्या गोष्टी किती वेळा वापरल्या जातात, याची माहिती कंपनीकडे येत असे. त्या माहितीत असे दिसले की विंडोज ७ मध्ये लोक नेहमीचे प्रोग्राम टास्कबारवर अडकवून ठेवतात आणि स्टार्ट मेनू पूर्वीपेक्षा कमी उघडतात. २०११ मध्ये कंपनीच्या अभियंत्यांनी हे सविस्तर मांडलेही होते. मेनूचा वापर घटतो आहे, तेव्हा त्याच्या जागी नवे काही आणता येईल, असा तो तर्क होता.

हा तर्क तपासून पाहू. शाळेत प्रथमोपचाराची पेटी असते. ती वर्षातून किती वेळा उघडते? आणि खडूची पेटी? केवळ वापर मोजला तर खडूची पेटी शेकडो पटींनी महत्त्वाची ठरेल आणि प्रथमोपचाराची पेटी अडगळीत जाईल. पण ज्या दिवशी ती लागते त्या दिवशी ती ठरल्या जागी, डोळ्यांसमोरच असावी लागते.

स्टार्ट बटनाचे काहीसे असेच होते. रोजच्या कामासाठी माणूस टास्कबारवरून जात असेल. पण नेहमीचे नसलेले काही हवे झाले, वाट चुकली, संगणक बंद करायचा झाला, की हात त्या कोपऱ्याकडे जाई. स्वयंपाकघरात मिठाचा डबा न बघता हाती लागतो, कारण तो वर्षानुवर्षे एकाच जागी असतो. डबा हलवला तर मीठ नाहीसे होत नाही, पण बाई क्षणभर आपल्याच घरात परकी होते. किती वेळा क्लिक झाले ते यंत्राला मोजता येते. ‘चुकलोच तर तेथे जाता येईल’ हा भरवसा त्या मोजणीत उतरत नाही.

गंमत पाहा. स्टार्ट बटन आले ते माणूस कोठे अडतो हे बघून, आणि ते काढण्यामागे एक मोठा आधार होता तो मोजणीचा. मोजणी वाईट नाही. विज्ञान तिच्यावरच चालते. पण मोजमाप नेमके कशाचे केले आणि निष्कर्ष कशाबद्दल काढला, हे दोन्ही जुळते का, ते दर वेळी तपासावे लागते. गुणपत्रिकेवरचे आकडे वाचतानाही आपल्याला हीच काळजी घ्यावी लागते.

नुसती सवय मोडल्याची तक्रार?

तरीही लोकांची नाराजी सवयीमुळेच होती, असे म्हणता येईल का? काही अंशी, हो. जुने कौशल्य नव्या जागी आड येते, हे मानसशास्त्रात पूर्वीपासून माहीत आहे. फरश्यांच्या पडद्याला अनेक लोक काही आठवड्यांत सरावले. नव्या आवृत्तीत चांगलेही पुष्कळ होते. संगणक पूर्वीपेक्षा लवकर सुरू होई, विषाणूंपासूनचे संरक्षण आतच दिलेले होते आणि फायलींची नक्कल होताना तिचा वेग आलेखात दिसे. या गोष्टींबद्दल टीकाकारांनीही तक्रार केली नाही.

पण ‘लोकांना बदल नकोच असतो’ हे स्पष्टीकरण पुरे पडत नाही. विंडोज ९५ हाही मोठा बदल होता, तो लोकांनी स्वीकारला. आयपॅड तर पूर्णच नवा होता, तो त्यांनी हौसेने घेतला. ज्यांनी स्पर्शाचे फोन कोणी न शिकवता आत्मसात केले, त्यांतलेच लोक विंडोज ८ वर चिडले. म्हणजे फरक बदलाचा नव्हता. कोणते साधन कोणत्या कामाला दिले, यात होता.

विक्रीच्या आकड्यांतून काही ठरते का? पहिल्या सुमारे सहा महिन्यांत विंडोज ८ चे १० कोटी परवाने विकले गेले. पण नवा संगणक घेतला की बहुधा ती त्याच्याबरोबरच येई. विकत मिळाली म्हणजे आवडली असे नव्हे. उलट बाजूने, आयडीसी या बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०१३ च्या पहिल्या तिमाहीत जगातली संगणकांची विक्री वर्षभरापूर्वीच्या तुलनेत १३.९ टक्क्यांनी घटल्याचे नोंदवले आणि विंडोज ८ ने बाजाराला चालना देण्याऐवजी त्याची गती मंदावली असावी, असे म्हटले. पण त्याच काळात लोक टॅब्लेट आणि फोन घेत होते. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. तेव्हा दोन्ही बाजूंचे हे आकडे जपूनच वापरलेले बरे.

त्यापेक्षा बोलका पुरावा दुसरा आहे. जुना स्टार्ट मेनू परत आणून देणारे छोटे प्रोग्राम इतरांनी लगेच तयार केले. ‘क्लासिक शेल’ फुकट होता, ‘स्टार्ट८’ विकत मिळे, आणि लोक ते आवर्जून बसवून घेत होते. तक्रार शब्दांत करायला काही लागत नाही. पण मोडलेली सोय दुरुस्त करायला माणसे वेळ आणि पैसा खर्च करतात, तेव्हा ती सोय त्यांना खरोखरच हवी असते.

बटन परतले

१७ ऑक्टोबर २०१३ रोजी विंडोज ८.१ आली आणि कोपऱ्यात बटन पुन्हा दिसू लागले. पण ते दाबले की जुना मेनू न उघडता फरश्यांचाच पडदा येई. लोकांनी ‘बटन द्या’ म्हटले होते, बटन मिळाले. त्यामागची गरज शिल्लकच राहिली. एप्रिल २०१४ च्या सुधारणेत संगणक बंद करण्याचे बटन फरश्यांच्या पडद्यावर उघड दिसेल असे आले. अखेर २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० बरोबर स्टार्ट मेनू परतला आणि त्याच्या शेजारी फरश्याही राहिल्या. कळफलक जोडलेला असेल तर डेस्कटॉपचे रूप आणि काढला तर टॅब्लेटचे, अशी सोयही तिच्यात होती. ‘एकच रूप सगळीकडे’ या कल्पनेची जागा ‘साधन बघून रूप’ या कल्पनेने घेतली. पुढे २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने स्टार्ट बटन टास्कबारच्या मध्यभागी आणले आणि फरश्या काढल्या. ज्यांना हवे त्यांना ते बटन पुन्हा डाव्या कोपऱ्यात नेता येते, हे मात्र महत्त्वाचे.

वर्गात याचे काय करायचे?

महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीच्या निमित्ताने लाखो लोकांनी पहिल्यांदा माऊस हातात धरला. त्यांत आपल्यापैकी अनेक शिक्षकही होते. ‘स्टार्टवर क्लिक करा, मग प्रोग्राम्स, मग अमुक’ अशा पायऱ्या वहीत लिहून घेतल्याचे त्यांना आठवत असेल. पायऱ्या पाठ केलेल्या माणसाचा आधार बटन हलले की सुटतो. म्हणून शिकवताना पायरीबरोबर तिचे कारणही सांगावे: येथे प्रोग्रामांची यादी असते, येथे फायली असतात, चालू काम जतन केल्याशिवाय यंत्र का बंद करू नये, वगैरे. कल्पना पक्की असेल तर बदललेल्या पडद्यावरही मुले नवी वाट शोधतात.

दुसरी गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. त्या चित्रफितीतल्या गृहस्थांसारखी माणसे अडली की बहुतेक वेळा स्वतःलाच दोष देतात. ‘आम्हाला काही हे संगणक-बिंगणक जमायचे नाही,’ असे म्हणून ती बाजूला होतात. घरातले आजोबा असे म्हणतात, पहिल्यांदाच संगणकापुढे बसलेली मुलगीही असे म्हणते, आणि आपण त्यांचा शब्द खरा मानतो. पण विंडोज ८ पुढे तर वर्षानुवर्षे संगणक वापरणारेही अडले होते. तेव्हा पुढच्या वेळी कोणी अडले, तर ‘तुला कळत कसे नाही?’ असे विचारण्याआधी त्याच्या मागे उभे राहून तो जे पाहतो आहे ते पडद्यावर आपणही पाहावे. जी वाट त्याने घ्यायला हवी ती तेथे दिसते आहे का? दिसत नसेल, तर चूक त्याची नाही, आणि हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

विद्यार्थ्यांसाठी एक काम सुचवतो. शाळेतला संगणक, घरातला फोन, बँकेचे पैसे काढण्याचे यंत्र किंवा रेल्वेचे तिकीट देणारे यंत्र यांपैकी एक निवडा. ते कधीच न वापरलेल्या तीन माणसांना एकच सोपे काम द्या. मदत करू नका, नुसते बघा. पैशांच्या यंत्रापाशी मात्र गुप्त क्रमांक दाबताना पाठ फिरवायची! ती कोठे थांबली, काय शोधत होती आणि ते कोठे सापडले, याची नोंद करा. तिघेही एकाच जागी थांबले, तर तेथे कोणता बदल करावा ते कागदावर रेखाटा. पट्ट्यांच्या प्रयोगात आलेले वेळ आणि ही रेखाटने आमच्याकडे जरूर पाठवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या कागदाचे वेळ किती जवळ येतात, याची आम्हाला विशेष उत्सुकता आहे.